सुराचा विडा

गूळ तोलता तोलता पंचाक्षरी म्हणाला, "यज्ञेश्वर, त्या वर्षी तुझा हात निघाला हुता. मी बघितला. मागं का घेतलास रे?" आणि तागडीकडेच बघत राहिला, जसं काही गुळालाच विचारलं. मी म्हणालो, "कसला हात?" तो म्हणाला, "विड्याकडं." मी म्हणालो, "माशी बसली होती गुडघ्यावर, ती हाकलली." आणि ताडताड पायऱ्या उतरून चालता झालो. अकरा वर्षांत त्या दुकानाची पायरी मी चढलो नव्हतो. घराजवळचं दुकान सोडून गुळासाठी, मिठासाठी, काडेपेटीसाठी मी पार मधल्या मारुतीपर्यंत तंगडतोड करायचो. आज ऐन संक्रांतीच्या सकाळी मालतीचा पाक बिघडला, गूळ कमी पडला, आणि मधल्या मारुतीचा वाणी दुकानाला कडी लावून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत गेलेला. म्हणून नाक मुठीत धरून पंचाक्षरीकडे गेलो, तर त्यानं हे काढावं! आजच! उद्या सामना असताना! घरी पोचलो तेव्हा कानशिलं तापली होती. मालतीनं उलथनं हातात धरून विचारलं, "गूळ कुठाय?" गूळ तागडीतच राहिला होता. ती म्हणाली, "पुन्हा तो सूर का?" या घरात सगळ्या दुखण्यांचं नाव तेच आहे.

दुखणंच आहे. आट्यापाट्या ज्यानं खेळल्या नाहीत त्याला मी काय सांगू? पण सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जमिनीवर आडव्या नऊ पाट्या आखायच्या. आठ पाट्यांवर आठ जण आपापली पाटी धरून उभे. प्रत्येकाला आपल्याच पाटीवर डावीउजवीकडे धावायची मुभा, बाहेर पाऊल टाकलं की संपलं. समोरच्यांनी त्यांना हुकवून एकेक पाटी ओलांडत पार टोकाला जायचं आणि तसंच परत यायचं. परत आला की लोण. आणि या आडव्या पाट्यांच्या पोटातून, पुढून मागपर्यंत, एक उभी पाटी जाते. ती आणि सगळ्यात पुढची आडवी पाटी, या दोन्ही सुराच्या. नववा गडी तो सूर. तो कुठंही जाऊ शकतो, कुणालाही गाठू शकतो, कुणाचीही कोंडी करू शकतो. सूर जागा असेल तर बाकीचे आठ जण डुलक्या काढत उभे राहिले तरी चालतं; सूर झोपला तर आठ भीम उभे करा, काही उपयोग नाही. आणि आमच्या मार्तंड मंडळाचा सूर, गेली अकरा वर्षं, पंचाक्षरी! माणूस म्हणून सोन्यासारखा. खोटं वजन नाही, खोटा शब्द नाही. पण सूर म्हणून? अहो, डावीकडे वळायच्या आधी तो डावा खांदा खाली टाकतो. आधी खांदा, मग मान, मग पाय. बार्शीकरांच्या शेंबड्या पोरांनासुद्धा ते ठाऊक झालंय. खांदा पडला की ते उजवीकडून निघून जातात, आरामात, पान खात. दर वर्षी किंक्रांतीला बार्शीकर येतात, लोण घेतात, ढाल घेतात आणि जाताना गड्ड्याच्या जत्रेतून बायकांसाठी बांगड्या घेतात. अकरा वर्षांत दहा वेळा हे बघितलं या डोळ्यांनी. एकतीस साली गावातल्या चौघांना फाशी झाली, गाव सुतकात होतं, सामना झाला नाही. त्या वर्षीसुद्धा एका कोपऱ्यात बसून मला वाटून गेलं होतं, यंदा निदान हरलो तरी नाही. मग स्वतःचीच लाज वाटली होती. असा मी.

आणि आमचे अण्णाराव मास्तर! मंडळाचे गुरू. शिकवतात काय, तर "सूर पुढं, धीर धरा." बस्स. चोवीस साली हेच, आजही हेच. सूर पुढं उभा राहतो, बार्शीकर त्याला पुढंच गुंतवून ठेवतात, मागं रान मोकळं. कितीदा सांगितलं, मास्तर, सूर मागं पडू द्या, मधल्या पाटीवर दबा धरू द्या. ते मिशीवरून हात फिरवतात. हरल्यावर मात्र कारण तयार असतं. एकदा ऊन डोळ्यावर आलं. एकदा पाट्यांना पाणी कमी मारलं. एकदा पंच बार्शीच्या जावयाचा मित्र निघाला. आणि काहीच नाही सापडलं तर किंक्रांत आहेच, अशुभ दिवस. अहो, किंक्रांत बार्शीला नसते का? नाचता येईना अंगण वाकडं! मैदानाच्या कडेला शाळेची बुटकी भिंत आहे, तिच्यावर माझी जागा ठरलेली, शेजारी येडू. येडू आमच्याच मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर आहे, मी टाइम ऑफिसात. तो म्हणतो, "पंत, तुमचं वरडणं ऐकायला लोक येत्यात, ख्योळ बघाया न्हाय." खोटं नाही. पाच वर्षांपूर्वी पंचाक्षरीच्या अंगावरून एकामागून एक तीन गडी गेले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरे, सूर आहे का उंबरठा!" सगळं मैदान खदखदून हसलं. पंचाक्षरीनंही ऐकलं. त्यानं एकदा भिंतीकडे बघितलं, रागानं नव्हे, कुणी हाक मारली तर बघावं तसं. तेव्हापासून उंबरठा हा शब्द गावात त्याच्या नावाला चिकटला. मला त्या रात्री फार गाढ झोप लागली होती.

दुपारी देवाच्या लग्नाच्या अक्षतांना गेलो. तळ्याच्या काठी माणसांचा समुद्र, पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वजांच्या उंच काठ्या, आणि हजारो हातांतून एकदम सुटलेल्या अक्षता. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या. सगळ्यांचे हात वर गेले तेव्हा मी आपल्या हाताकडे बघत होतो. हाच तो. उजवा. गुडघ्यावरून निघाला होता, वीतभर गेला होता, आणि परत आला होता. माशी कसली! पौष महिन्यातल्या थंडीत, देवळात, समईच्या उजेडात माशी! आमच्या मंडळाची रीत अशी की सूर कोण, हे मास्तर सांगत नाहीत. देवापुढं माणसानं माणूस निवडू नये, असं त्यांच्या गुरूंनी घालून दिलं. संक्रांतीच्या संध्याकाळी मारुतीपुढं तबकात एक विडा ठेवायचा, शेजारी एक लहान निरांजन. ज्याला सूर धरायचा त्यानं विडा उचलायचा. निरांजन शांत होईपर्यंत विडा तसाच राहिला तर मंडळानं त्या वर्षी मैदानात उतरायचं नाही. चोवीस साली जुन्या सुराचा गुडघा गेला आणि पहिल्यांदा जागा रिकामी झाली. मी बावीस वर्षांचा. मला ठाऊक होतं, मी सूर आहे. घमेंड नाही, ठाऊक असतं माणसाला. सरावात मी मागं पडायचो, मधून उसळायचो, गडी वाऱ्यासारखा आला तरी माझा हात त्याच्या पाठीवर आधी पोचलेला असायचा. मास्तर बघायचे. बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

त्या संध्याकाळी माझा हात निघाला. विड्यावरची लवंगसुद्धा दिसत होती मला. आणि मग दिसला पंचाक्षरी, माझ्या उजव्या बाजूला, मांडी घालून. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मोठा बसलेला असताना धाकट्यानं हात घालावा? मास्तर खाकरले. नुसतेच खाकरले असतील, घशात धूर गेला असेल उदबत्तीचा. पण मला वाटलं, मलाच खाकरले. हात मागं आला आणि धोतराची निरी सारखी करायला लागला. मनात म्हणालो, एकदा त्यानं 'नको' म्हणू दे, मग मी घेईन. पंचाक्षरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी हलेना. वात लहान लहान होत चालली. शेवटी त्यानं विडा उचलला. मी पहिला टाळ्या वाजवणारा. घरी आलो, जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं सोडलं. आईला सांगितलं, मिलमध्ये काम वाढलंय. पुढच्या वर्षापासून विडा त्याचाच झाला. बाकीच्यांना वाटायचं, तो असताना आपण कसं. आणि तो तरी कसा सोडणार, सोडला तर मंडळ बसलं. मी मात्र मंडळाच्या यादीतून नाव कधी काढलं नाही. दर संक्रांतीला देवळाच्या खांबाला टेकून उभा राहायचो आणि दर किंक्रांतीला भिंतीवर बसून त्याला फाडून खायचो.

आणि एक सांगतो, मालतीलाच ठाऊक आहे. टाइम ऑफिसपुढं लांब व्हरांडा आहे, शहाबादी फरशीचा. मधल्या दोन फरश्यांचा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो. दुपारच्या भोंग्यानंतर कामगार भाकरी सोडतात, साहेब बंगल्यावर जातो, तेव्हा मी त्या सांध्यावर सूर चालतो. अकरा वर्षं. जोडे काढून, अनवाणी. पुढं चार पावलं, झटका, मागं सहा. घरी स्वैपाकघरातसुद्धा पाय आपोआप सांधा शोधतात. मालती म्हणते, "वाढू द्या हो मला, लोण घेऊ नका माझ्यावर." पोट थोडं सुटलंय, कबूल. तेहतीस वर्षं म्हणजे काही कोवळं वय नाही. पण पाय विसरलेले नाहीत. मग हे कुणासाठी चाललंय, असं मालतीनं एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, पचनासाठी. आज अक्षतांच्या गर्दीत मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले, आणि मला पहिल्यांदा धडधडीत कळलं की या अकरा वर्षांत पंचाक्षरीचा एक खांदा पडला असेल, पण त्या जागी त्याला उभा कुणी केला? मी. मास्तर खाकरले म्हणून, तो मोठा म्हणून, रीत म्हणून, काहीबाही म्हणून. आणि वर त्यालाच उंबरठा म्हणालो. छी! आणि त्याच वेळी, काय सांगू, छातीत ढोल वाजायला लागला. कारण संध्याकाळ व्हायची होती. विडा अजून उचलला गेला नव्हता!

देवळात पोचलो तर पंचाक्षरी दारातच उभा. हातात कागदाची पुडी. "येनप्पा, तुझा गूळ राहिला की," आपल्या कानडी ढंगात म्हणाला आणि पुडी माझ्या हातात ठेवली. सकाळच्या बोलण्याचा एक शब्द नाही. आत गेलो. मंडळी अर्धगोल करून बसलेली. मी खांबाकडे निघालो आणि पाय थांबले. बसलो. पंगतीत बसलो, येडूच्या शेजारी. येडू दर वर्षी तिळगूळ खायला म्हणून येतो, त्यानं चमकून बघितलं. मास्तरांनी तबक ठेवलं, विडा ठेवला, निरांजन लावलं, आणि डोळे मिटले. सगळे पंचाक्षरीकडे बघायला लागले, जसं जेवणाच्या पंगतीत पहिला घास कोण घेतो ते बघावं. मीही बघितलं. पंचाक्षरीनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले होते. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस, दुकानदार, दोन लेकरांचा बाप, स्वतःच्या हातांवर बसला होता! वात थरथरली. तो समोर मारुतीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले. दर वर्षी असाच बसायचा का हा? दर वर्षी वाट बघायचा, कुणीतरी उचलेल म्हणून? आणि मी खांबाला टेकून मनात म्हणायचो, बघा, बसलाय कसा ऐटीत!

वात खाली बसायला लागली. मास्तर खाकरले. तेच खाकरणं! अकरा वर्षांपूर्वीचं, अगदी तेच, आणि माझा हात पुन्हा आखडायला लागला, इतका की मला ओरडावंसं वाटलं. त्यात उजव्या हातात गुळाची पुडी. गूळ पाघळून कागद तळव्याला चिकटलेला. देवाचा विडा काय डाव्या हातानं उचलणार? "येडू, धर जरा." येडू म्हणाला, "काय हाय ह्येच्यात?" "गूळ." "मंग मीच का धरू?" "अरे धर की बाबा!" मी एवढ्या जोरात म्हणालो की मास्तरांनी डोळे उघडले. पुडी सोडवली, तळवा धोतराला पुसला, आणि हात पुढं गेला. वीतभर गेला. त्याच जागी आला, जिथून मागच्या वेळी परतला होता. आणि पुढं गेला. विडा गार होता, ओलसर, लवंग बोटाला टोचली. मी तो उचलला.

कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या पोटाकडे. "यज्ञेश्वर," ते म्हणाले, "अरे, पोट सुटलंय की तुझं." मी म्हणालो, "सुटलंय. पण मास्तर, उद्या सूर पुढं राहणार नाही. मागं पडणार." अकरा वर्षं भिंतीवरून ओरडत होतो ते वाक्य पहिल्यांदा हातभर अंतरावरून बोललो, तर आवाज केवढासा निघाला! मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "ज्याचा विडा त्याचा सूर. मी कधी अडवलंय कुणाला?" खरंच की. त्यांनी कधीच कुणाला अडवलं नव्हतं, कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. सगळं मंडळ एकमेकांचा मान राखता राखता दहा वेळा हरलं होतं. मी पंचाक्षरीकडे वळलो. त्यानं मांड्यांखालून हात काढले होते आणि एकमेकांवर चोळत होता, मुंग्या आल्या असाव्यात. तोंडभर हसत होता. म्हणाला, "झोप आज चांगली. मीबी झोपतो."

मी कुठला झोपतोय. सकाळी मिलमध्ये रजा सांगितली, कारण लिहिलं पोटदुखी, ते तसं खरंच होतं. मालती म्हणाली, "मी येणार बघायला. शेजारणीला घेऊन येणार. पडलात तर उठा हं लगेच." तीन वाजता मैदानात उतरलो. पाट्यांवर पाणी मारलेलं, ओल्या मातीचा वास, गड्ड्याकडून पिपाण्यांचा आवाज. अनवाणी पाय सुराच्या पाटीवर ठेवले आणि वाटलं, फरशीचा सांधा आणि ही माती यांत किती अंतर होतं! मला हसू येत होतं. समोर बार्शीचा तो उंच गडी, सात वर्षं मी त्याला भिंतीवरून बघतोय, तो इतका उंच असेल असं वाटलं नव्हतं. त्याची छाती माझ्या नाकाशी. शिट्टी झाली. मी मागं पडलो, ठरवल्याप्रमाणं. तो दुसऱ्या पाटीवरून निसटला, तिसरीवर आला, माझ्या टप्प्यात आला. आता! डावीकडे वळ! आणि त्याच क्षणी, वळायच्या आधी, माझ्या अंगातून काहीतरी खाली गेल्याचं मला जाणवलं. माझा डावा खांदा. आधी खांदा, मग मान, मग पाय. तो उजवीकडून निघून गेला, आरामात, पान खात.

दर वर्षी या वेळी भिंतीवरून जो आवाज यायचा, त्याची सगळे वाट बघत होते, आणि तो आवाज तर पाटीवर उभा होता. मग आला. भिंतीवरूनच आला, माझ्याच जागेवरून, घसा फोडून:

"अरे, सूर हाय का उंबरठा!"

पंचाक्षरी! येडूच्या शेजारी, भिंतीवर चढून उभा, दोन्ही हातांचा कर्णा केलेला, रुमाल सुटून गळ्यात आलेला. सगळं मैदान कोसळलं हसून. बायकांच्या घोळक्यातून मालतीचंही हसू मला ओळखू आलं. आणि मी, ज्याला वाटायचं की असं कुणी मला म्हणालं तर जमीन दुभंगावी, मी पाटीवर उभा राहून खो खो हसत होतो. हसताना खांदे मोकळे झाले. पुढचा गडी आला तेव्हा मी कुठं वळणार हे मलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या घामट पाठीवर माझा तळवा फाडकन बसला. आरोळी उठली. तिसऱ्याला आठव्या पाटीवर गाठला. चौथ्याची कोंडी केली. श्वास छातीत मावेना, पोट लडबडत होतं, पायाचं नख निघालं ते मागाहून कळलं. कधी लोण आमचं, कधी त्यांचं, ऊन कलंडेपर्यंत. भिंतीवरून दर दोन मिनिटांना सल्ला येत होता: "मागं पड की!" "अरे, खांदा! खांदा सांभाळ!" मास्तर उठून उभे राहिले होते, धीर धरा म्हणायचं विसरून.

ढाल बार्शीलाच गेली. सांगून टाकतो, लपवण्यात काय आहे? एका लोणानं. त्या उंच गड्यानं जाताना माझा हात धरून म्हटलं, "पुढच्या साली बघू," आणि पहिल्यांदाच त्यांच्यातलं कुणी बांगड्या घ्यायला थांबलं नाही. मी लंगडत भिंतीशी गेलो. पंचाक्षरी खाली उतरला होता. घसा पार बसलेला, डोळे लकाकत होते, आणि अंगातला सदरा घामानं माझ्याइतकाच भिजलेला. मला वाटलं, आता मी काहीतरी म्हणायला हवं, अकरा वर्षांचं. "पंचाक्षरी," मी म्हणालो, "मी तुला जे..." पण त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं माझा दंड धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "यज्ञा, लई मजा असते की रे हितं बाहेर! कधी सांगितलं न्हाईस!"

येडूनं कालची पुडी सोडली आणि तिघांत गूळ वाटला.